मैदानावरची एक दुपार

गेल्या महिन्यात माझा नातू मोबाइलवर एक मालिका पाहत होता. वेल्समधील रेक्सहॅम या शहराच्या फुटबॉल क्लबची ती हकिकत. क्लब १८६४ सालचा. पुढे तो आर्थिक अडचणीत सापडला, तेव्हा चाहत्यांच्याच न्यासाने २०११ मध्ये तो हाती घेतला आणि सुमारे दहा वर्षे चालविला. २०२१ मध्ये दोन अभिनेत्यांनी तो घेतला. नातवाला त्या अभिनेत्यांचे कौतुक; माझे मन मात्र त्या आधीच्या दहा वर्षांत गुंतले. उभे आयुष्य बँकेत गेल्यामुळे प्रश्न पडला तो असा : लाभांशाची आशा नसताना सामान्य माणसांनी स्वतःच्या खिशातले पैसे आणि रविवार-शनिवार एका मैदानासाठी का खर्च करावेत?

या प्रश्नाचे उत्तर मला फार पूर्वी कोल्हापुरात मिळाले होते.

१९९८ साली लेखापाल म्हणून माझी कोल्हापूरला बदली झाली. मुलाचे शिक्षण मध्येच मोडू नये म्हणून कुटुंब जळगावातच ठेवले. मुलगा तेव्हा आठवीत होता. एकट्या माणसाचे आठवड्याचे सहा दिवस शाखेत निघून जात. रविवार मात्र अंगावर येई. कपडे धुवावेत, वर्तमानपत्र दोनदा वाचावे, घरी पत्र लिहावे, तरी दुपार शिल्लकच राही. आमच्या शाखेतील दफ्तरींना सारे ‘मामा’ म्हणत. एका शनिवारी ते म्हणाले, “सायेब, रविवारी खोलीवर बसून काय करतासा? चला की मॅच बघायला. आमचं पोरगं हाय संघात.”

कोल्हापूरचे फुटबॉल बाहेरच्यांना चकित करते. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे राहिले आणि पेठापेठांतून तालमी नांदल्या. पुढे याच तालमींनी फुटबॉलही आपलेसे केले. म्हणून संघांची नावे आजही पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ अशी. नाव आखाड्याचे, खेळ फुटबॉलचा! कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या देखरेखीखाली शाहू स्टेडियमवर हे सामने होतात. याच शहरातील अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, हे अनेकांना आठवत असेल.

त्या रविवारी कोणत्या दोन तालमी खेळत होत्या, ते मी सांगत नाही. सांगितले तर आजही निम्मे कोल्हापूर माझ्यावर रुसेल. उन्हाने तापलेल्या पायऱ्यांवर आम्ही बसलो. एका अंगाला एक पेठ, दुसऱ्या अंगाला दुसरी. हातात शेंगांच्या पुड्या, तोंडात खेळाडूंची घरगुती टोपणनावे. चेंडू चुकला की खेळाडूसह त्याच्या चुलत्याचाही उद्धार होई. कारण चुलताही त्याच पायरीवर बसलेला असे. मैदानावर धावणारी ही मुले कोण? कोणी वर्कशॉपमध्ये लेथ चालविणारा, कोणी महाविद्यालयात शिकणारा, कोणी भाजीच्या गाडीवर वडिलांना हात देणारा.

माझी सवय जाईना. मामांना विचारले, “या साऱ्याचा खर्च कोण करतो?”

“वर्गणी. कुणी बूट देतंय, कुणी जर्सी. पेठेतला दुकानदार चेंडू देतोय.”

“आणि त्याला मिळते काय?”

मामांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी व्याजाचा दर चुकीचा सांगितला. “त्याची पेठ खेळतीया न्हवं,” ते म्हणाले.

मध्यंतर झाले. मी विचारले, “मामा, तुमचा मुलगा कोणता?” त्यांनी बोट दाखविले. मैदानाबाहेर राखीव खेळाडूंच्या बाकावर एक किडकिडीत मुलगा बसला होता. उत्तरार्धात दोन खेळाडू बदलले. तो उठला नाही. सामना संपला, मामांची तालीम एका गोलने हरली, आणि त्या मुलाने चेंडूला पायही लावला नव्हता. मामा मात्र अखेरच्या शिट्टीपर्यंत इतरांच्या मुलांसाठी घसा फोडत होते. माझ्या चेहऱ्यावरचे भाव त्यांनी ओळखले असावेत. म्हणाले, “बाकावर बसला म्हणून काय झालं, सायेब? हाय तर आमच्याच जर्सीत. त्यानं मान वळवली की मी दिसाय पायजे. एवढंच.”

त्या रात्री खोलीवर मला झोप आली नाही. आठच दिवसांपूर्वी मुलाचे पत्र आले होते : ‘शाळेच्या खो-खो संघात माझी निवड झाली आहे. सामने पुढच्या महिन्यात आहेत. तुम्ही याल का?’ मी उत्तर धाडले होते : ‘आधी गणिताचे गुण कळव.’ कर्जाच्या अर्जावर शेरा मारावा तसे ते वाक्य होते. माझा मुलगा कसा धावतो, हे मी तोवर एकदाही पाहिले नव्हते.

दोन दिवसांची किरकोळ रजा टाकली आणि महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडली. रात्र गाडीत काढून सकाळी जळगावला उतरलो. मुलगा पहिल्याच तुकडीत होता आणि अवघ्या काही क्षणांत बाद झाला. संघही हरला. मी गेलो खरा, पण शहाणपण अर्धेच शिकलो होतो. घरी परतताना त्याला विचारले ते गणिताच्या गुणांविषयीच!

आता तोच मुलगा फुले मार्केटमध्ये दुकान चालवितो आणि त्याचा मुलगा फुटबॉल खेळतो. मागील रविवारी सागर पार्कवर नातवाचा सामना होता. मुलगा म्हणाला, “बाबा, लग्नसराई आहे. दुकान कसे सोडू?” मी त्याला मामांची गोष्ट सांगितली. तो हसला. म्हणाला, “माझा खो-खोचा सामना आठवतो. बाद झालो तेव्हा लाज वाटली होती. तुम्ही गुण विचारलेत, तेही आठवते. पण तुम्ही कोल्हापूरहून आला होतात, हे मी वर्गात सगळ्यांना सांगितले होते.” हे त्याने मला पंचवीस वर्षांत प्रथमच सांगितले.

सामना संपायला पंधरा मिनिटे उरली असताना तो मैदानाच्या कडेला येऊन उभा राहिला. नातवाने मान वळविली, वडिलांना पाहिले आणि पुन्हा खेळाकडे वळला. तो चांगला खेळला की नाही, हे मला विचारू नका. फुटबॉल मला आजही फारसा कळत नाही.

आपल्या व्यापारी घरांत मुलांसाठी आपण काय करीत नाही? फी भरतो, शिकवण्या लावतो, भांडवल जोडून ठेवतो. त्या साऱ्याची नोंद वहीत असते. एका दुपारची नोंद कुठेच होत नाही, म्हणून ती सर्वांत आधी कापली जाते. वाचकहो, हंगामात एखाद्या दिवशी चार वाजता शटर अर्धे ओढून मैदानावर जाऊन पाहा. मूल बाकावर बसलेले असले तरी चालेल. त्याने मान वळवली, की आपण दिसलो पाहिजे.