मग निजामाचं काय झालं?

आयझॅक असिमॉव्हच्या ‘फाउंडेशन’ मालिकेचा विषय निघाला की वाचकांचे दोन तट पडतात, आणि दोन्ही तटांना समोरच्याला वाचता येत नाही अशी खात्री असते. मालिकेची पहिली कथा १९४२ साली ‘अस्टाउंडिंग’ या अमेरिकी मासिकात आली. १९५१ ते १९५३ या काळात तीन पुस्तकं झाली. १९६६ साली सर्वकालीन श्रेष्ठ मालिकेचा ह्यूगो पुरस्कार तिला मिळाला, तोही टॉल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ला मागे टाकून. एका तटाला एवढं पुरेसं असतं. दुसरा तट विचारतो, ही काय कादंबरी झाली? माणसं खोलीत बसून बोलतात, लढाया पडद्याआड उरकतात, आणि पन्नास-पाऊणशे वर्षांनी नवी माणसं तशाच खोलीत बसून बोलू लागतात. पहिल्या पुस्तकात तर बाई शोधून काढावी लागते.

गंमत म्हणजे असिमॉव्ह स्वतः या दुसऱ्या तटात जाऊन आला. १९८२ साली चौथं पुस्तक आलं. ते लिहिण्याआधी त्यानं जुनी तिन्ही पुन्हा वाचली. आता काही घडेल, मग काही घडेल म्हणून तो वाट बघत बसला आणि काहीच घडेना. तरी पानं मात्र अधाशासारखी उलटत होतो, संपल्यावर आणखी हवं होतं, असंही त्यानं लिहून ठेवलंय.

विज्ञानसाहित्य हा माझा अभ्यासाचा विषय. शिकवतो संभाजीनगरला, राहतो करमाडला. गावात आम्ही काही वाचणारी माणसं अधूनमधून जमतो. त्यात शेंद्र्याच्या कारखान्यांत नोकरी करणारे दोघं-तिघं तरुण इंजिनिअर आहेत, इतिहास शिकवून निवृत्त झालेले एक गुरुजी आहेत आणि मोसंबीची बाग सांभाळणारे एक काका आहेत. ‘फाउंडेशन’ इंजिनिअरांनी इंग्रजीतून वाचलेलं. बाकीच्यांना मी कथानक सांगितलं: बारा हजार वर्षं टिकलेलं आकाशगंगेचं साम्राज्य कोसळणार आहे, पुढे तीस हजार वर्षांचा अंधार आहे आणि हॅरी सेल्डन नावाचा गणिती तो अंधार एक हजार वर्षांवर आणायची योजना आखतो. त्याचं शास्त्र दोन अटींवर चालतं. माणसं प्रचंड संख्येनं हवीत, आणि भाकीत काय आहे ते त्यांना कळता कामा नये. एकटादुकटा माणूस त्या गणितात मोजलाच जात नाही.

काकांची रस्त्यालगतची जमीन औद्योगिक वसाहतीत गेलेली आहे. ते म्हणाले, “म्हणजे आराखडा आपल्या नावानं, पण आपल्याला दाखवायचा नाही. यात नवं काय सांगितलं, सर?”

सेल्डनवरची इतकी नेमकी टीका मी जाडजूड समीक्षाग्रंथांतही वाचलेली नाही. इंजिनिअर मंडळी मात्र चिडली. योजनेचा भव्यपणा तुम्हाला दिसतच नाही, असं त्यांचं म्हणणं.

हेच भांडण मराठीत जयंत नारळीकरांवरून होत आलं आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून ती लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी या नव्या कथेची दखल घेतली. १९७९ मध्ये ‘यक्षांची देणगी’ पुस्तकरूपानं आलं. तेव्हापासून आक्षेप एकच: कल्पना अफाट, माणसं पुठ्ठ्याची. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले, त्यानंतर आमच्याकडेही तो पुन्हा निघाला.

आक्षेप खोटा नाही. नारळीकरांची पात्रं पुष्कळदा एकमेकांना व्याख्यान देतात; लक्ष्मण लोंढे किंवा सुबोध जावडेकर यांच्याकडे माणूस अधिक श्वास घेतो. पण या आक्षेपावर थांबणं मला आळशीपणाचं वाटतं. वाचक ‘माणूस कुठं आहे?’ असं विचारतो तेव्हा तो नकळत त्याहून मोठा प्रश्न विचारत असतो: जगाच्या घडामोडीत एका माणसानं काही फरक पडतो का? आणि त्याच प्रश्नावर असिमॉव्ह आणि नारळीकर एकमेकांच्या नेमके विरुद्ध उभे आहेत.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ घ्या. पानिपत वेगळं घडलं असतं तर, या विचारात गढलेले इतिहासाचे प्राध्यापक पुण्यात ट्रकला धडकतात आणि दुसऱ्याच मुंबईत पोचतात. तिथल्या ग्रंथालयात एका बखरीत त्यांना कळतं की विश्वासरावांना लागलेली गोळी या जगात कानाला चाटून गेली. तेवढ्यानं मराठे जिंकले आणि कंपनी सरकार किनाऱ्यावरच्या ठाण्यांपुरतं उरलं. आझाद मैदानावर पानिपतावरच भाषण चाललेलं, व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी. आजवर हजाराला एक कमी इतक्या वेळा अध्यक्षपद भूषवलेल्या पंतांना ती बघवत नाही. ते जाऊन बसतात आणि श्रोत्यांकडून टोमॅटो-अंडी खातात. आता हा माणूस पुठ्ठ्याचा म्हणायचा? रिकामी अध्यक्षीय खुर्ची दिसली की ज्याचे पाय आपोआप वळतात असा गृहस्थ महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्यात सापडेल. शेवटी राजेंद्र देशपांडे कॅटॅस्ट्रॉफी थिअरी आणि इलेक्ट्रॉनचे पर्याय समजावून सांगतो, तो भाग मात्र मला आजही लांबलेला वाटतो.

तर इथे एक गोळी तीळभर सरकते आणि उपखंड बदलतो. सेल्डनच्या गणितात अशा गोळीला जागाच नाही. असिमॉव्हलाही हे जड गेलं असावं, कारण १९४५ साली त्यानं म्यूल हे पात्र आणलं: इतरांच्या मनावर ताबा मिळवणारा एकच माणूस येतो आणि सगळी योजना उधळून लावतो. मालिकेतला तोच भाग दोन्ही तटांना आवडतो. मला तरी हा योगायोग वाटत नाही.

आमच्या बैठकीत पानिपताची कथा वाचून झाल्यावर काकांनी विचारलं, “ते सगळं ठीक. मग निजामाचं काय झालं?”

पुण्या-मुंबईच्या वाचकाला हा प्रश्न पडणार नाही. आम्ही १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो, आम्हाला तो आधी पडतो. गुरुजींनी लगेच सूत्रं हातात घेतली. पानिपताला गेलेले सदाशिवरावभाऊ त्याआधी १७६० च्या फेब्रुवारीत आपल्याच उदगीरला निजामाला हरवून आले होते. त्या तहात दौलताबादचा किल्ला आणि साठ लाखांचा मुलूख मिळाला. पानिपत हरल्यावर निजामानं उचल खाल्ली. पण १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदाकाठी राक्षसभुवनला अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांनी त्याला पुन्हा झोडपलं आणि औरंगाबादच्या तहात ब्याऐंशी लाखांचा मुलूख घेतला. म्हणजे पानिपताच्या आधी निजाम हरला, पानिपतानंतरही हरला, आणि तरी पुढे पावणेदोनशेहून अधिक वर्षं टिकला.

“मग विश्वासरावांची गोळी चुकून आपल्याकडं काय बदललं असतं?” एका इंजिनिअरनं सेल्डनच्या वतीनं विजयी मुद्रेनं विचारलं.

गुरुजी म्हणाले, गोळीचं राहू द्या. १७७२ साली थेऊरला माधवराव क्षयानं गेले, सत्तावीस वर्षांचे होते. मराठी राज्याला पानिपतही त्या मृत्यूपेक्षा जास्त महागात पडलं नाही, असं इतिहासकार ग्रँट डफनंही म्हणून ठेवलंय. त्यावर दुसरा इंजिनिअर उठला. क्षयावर चाललेलं पहिलं प्रभावी औषध स्ट्रेप्टोमायसिन, ते सापडलं १९४० च्या दशकात. कुणीतरी ते घेऊन मागच्या काळात थेऊरला जायला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. ही कथा त्यानंच लिहायची असं ठरलंय. काकांनी अट घातली आहे की वैद्य करमाडवरून गेला पाहिजे. गुरुजींना ती कथाच मान्य नाही: पेशवा जगला तरी गादीवर डोळा ठेवून असलेले चुलते राघोबादादा होतेच, असं ते म्हणतात.