परक्या घरचे सोवळे

विद्यार्थिदशेत एक उन्हाळा आम्ही स्वित्झर्लंडमध्ये, लाउटरब्रुनेनच्या दरीत, एका शेतकरी कुटुंबात काढिला. समोरच स्टाउबबाखचा धबधबा जवळजवळ ३०० मीटर उंचीवरून कोसळे. गुरे वरच्या कुरणांवर गेलेली. पहिल्याच रात्री घरच्या आजीबाईंनी स्वहस्ते केलेले चीज पुढे ठेविले. ते वासराच्या जठरातील रसाने दूध गोठवून करितात, हे ठाऊक असल्याने आम्ही नाकारिले. आजीबाईंचा चेहरा क्षणभर उतरला. पण दुसऱ्या दिवसापासून आमच्यासाठी निराळ्या तव्यावर लोण्यात परतलेले बटाटे येऊ लागले. कारण त्यांनी कधीच विचारिले नाही. आमचे सोवळे एका परक्या बाईने सांभाळिले! वाचकहो, त्याच आजीबाई आमच्या घरी आल्या असत्या, तर त्यांचे पान आम्ही कोठे मांडिले असते? हा प्रश्न अद्यापि मनास टोचतो.