चाळकेवाडीचा निळा गळा

साताऱ्याहून ठोसेघरच्या वाटेने वर गेलं की चाळकेवाडीचं पठार लागतं. एप्रिल-मेमध्ये तिथे कोणी फारसं फिरकत नाही. गवत करपलेलं, कातळ तापलेला, माथ्यावर पवनचक्क्यांच्या रांगा. मला मात्र हे पठार याच दिवसांत सगळ्यात देखणं वाटतं, कारण वळवाच्या आधीच्या या उन्हात सरड्यांचे नर दगडांवर चढतात.

शेपटीसकट जेमतेम वीतभर जीव. एरवी मातकट, पायाशी असला तरी दिसायचा नाही. दगडाच्या टोकावर येतो, पुढच्या पायांवर छाती उचलतो आणि हनुवटीखालची घडी एकदम उलगडतो. चमकता निळा, काजळासारखा काळा, शेंदरी. मिटतो, पुन्हा उघडतो. जिभेच्या मुळाशी जोडलेलं बारीकसं हाड पुढे झालं की गळ्याची सैल कातडी ताणली जाते, एवढीच त्यामागची यंत्रणा. शेजारच्या दगडावरच्या नराला ती दटावणी असते आणि मादीला आमंत्रण. मादीला असा झगमगता पंखा नसतो. ती गवताच्या बुडख्याशी बसून मुंग्या, नाकतोडे टिपत असते. पुढे जमिनीत अंडी घालायची ती तिनेच.

हा सरडा वेगळा आहे, हे शास्त्राने अगदी अलीकडे, 2016 मध्ये नोंदवलं. व्ही. दीपक, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला ‘सरडा सुपर्बा’ हे नाव दिलं.

असाच पंखा कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेच्या मुख्य भूमीवर राहणाऱ्या ॲनोल सरड्यांच्या गळ्यालाही असतो. त्यांच्या चारशेच्या आसपास जाती आहेत. बोटांखालच्या सूक्ष्म तंतूंमुळे गुळगुळीत पानावरही ते टिकून राहतात, किडे-कोळी खातात, झाडाझुडपांत संसार करतात. आपला मात्र उघड्या कातळावरचा. दोघांचं नातं फार लांबचं. गळ्यातला पंखा दोन्ही घराण्यांनी आपापला घडवला. रंग दाखवायचा आणि लगेच झाकायचा, ही युक्ती जगाच्या दोन टोकांना सुचावी, याचं मला अजून नवल वाटतं.

झाकायचा, कारण वर कापशी घार असते. आणि मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट इथेच आहे. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी याच पठारावर केलेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले. सरडे तिथे उदंड झाले होते. त्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक कमी होतं आणि माणूस बराच जवळ आला तरी ते पळत नव्हते. वाटेल, चांगलं झालं. पण तेच सरडे अंगाने रोड होते, आणि नरांच्या गळ्याचे रंग फिकट. तेवढ्याच किड्यांवर जास्त तोंडं जगायची म्हटल्यावर रंगाला काय उरणार?

पवनचक्क्या नकोत, असं मी म्हणणार नाही. वीज हवीच. पण ‘पडीक माळ’ म्हणून पठारं मोकळी करून देताना तिथल्या घारींची मोजदाद आधी व्हायला हवी, आणि काही पठारं पात्यांविना राखायलाच हवीत.

कासचं पठार फुलतं तेव्हा साताऱ्याला सगळेच जातात. एकदा मे महिन्यात जा, सकाळी, ऊन चढायच्या आत. गाडी सावकाश चालवा. कडेच्या दगडांवर ते बसलेले असतात.