जंगलातला डबा

"कुठे होतास रे रात्रभर? फोन का नाही उचललास?" आईचा प्रश्न. मी खरं ते सांगितलं, "डबा शोधायला जंगलात गेलो होतो." पलीकडे शांतता. मग हळूच, "मेसचा डबा हरवला का?"

आता आईला जियोकॅशिंग समजावायचं म्हणजे सेकंड इयरला मॅथ्स-थ्री समजावण्यासारखंच! तरी तुम्हाला सांगतो. कुणीतरी एक डबा लपवतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीच्यांनी जीपीएस घेऊन तो शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि होता तिथेच परत ठेवायचा. बक्षीस वगैरे काही नाही. अमेरिकेने जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक घातलेली असायची. ती काढून टाकायची घोषणा झाली १ मे २००० ला. (हो, महाराष्ट्र दिनीच!) तोवर शंभर मीटरपर्यंत चुकणारा साधा रिसीव्हर एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आला. ३ मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने ओरेगॉनच्या रानात एक बादली पुरली आणि तिचा पत्ता इंटरनेटवर टाकला. खेळ सुरू झाला तो तिथून.

२०२४ च्या उन्हाळ्यात मी इंटर्नशिपला जर्मनीत आखेनला होतो. गाव अगदी पश्चिम टोकाला, बेल्जियम आणि नेदरलँड्स दोन्हींच्या हद्दीला चिकटलेलं, आणि दक्षिणेला दाट जंगल. जर्मन लोकांना या खेळाचा रात्रीचा प्रकार फार आवडतो. झाडांच्या खोडांवर ड्रॉइंग पिनएवढे रिफ्लेक्टर ठोकलेले असतात. दिवसा काही दिसत नाही. रात्री बॅटरी मारली की एकेक डोळा चमकतो आणि त्या डोळ्यांमागे चालत जायचं. लॅबमधल्या एका जर्मन मुलाने डोक्याला बांधायच्या दोन बॅटऱ्या दिल्या आणि म्हणाला, जाऊन या.

सोबत होता दादा. मूळचा नागपूरचा, तिथेच पीएच.डी. करणारा. त्याची दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला प्रोफेसरबरोबर वर्षाची महत्त्वाची मीटिंग होती. तरी आला बिचारा, कारण मी म्हटलं होतं, "दादा, दोन तासांत परत. माझी गॅरंटी!"

जूनमध्ये तिथे सूर्यच दहाच्या सुमारास मावळतो. अंधार पडेपर्यंत अकरा वाजले. पहिला तासभर काय मजा आली राव! बीचची उंच झाडं, मध्येच एखादं घुबड, आणि पुढे चमकणारा ठिपका. एका वळणावर बॅटरीच्या झोतात काँक्रीटच्या सुळक्यांची रांगच्या रांग दिसली आणि पोटात गोळा आला. दुसऱ्या महायुद्धाआधी रणगाडे अडवायला जर्मनांनी बांधलेले हे 'ड्रॅगनचे दात'. त्यावर आता शेवाळ चढलंय.

शेवटच्या झाडावर एक पत्र्याची पट्टी सापडली. तिच्यावर डब्याचे आकडे कोरलेले. ते मोबाईलमध्ये टाकायचं काम अर्थातच माझं, मी 'इलेक्ट्रॉनिक्सवाला' ना! बाणाने दाखवलं, पाऊण किलोमीटर.

"काऊन बे, शेवटचा टप्पा जवळच आहे असं लिहिलं होतं ना?"

"जर्मनांचं जवळ म्हणजे एवढंच असतं, दादा."

गेलो. चिखल, काटे, पडलेली खोडं. बाण शून्यावर आला आणि तिथे काही नाही! अर्धा तास मुळं, बिळं, दगड उचकत बसलो. मोबाईल वाजला. मेसेज: बेल्जियममध्ये आपलं स्वागत आहे. दादा हसायला लागला. मी मात्र पट्टीचा काढलेला फोटो उघडला आणि गार पडलो. पट्टीवर होतं ४४.५८० मिनिटं. मी टाईप केलं होतं ४४ मिनिटं, ५८.० सेकंद. दशांश मिनिटांचे मी सरळ सेकंद केले होते. ०.५८० मिनिट म्हणजे ३४.८ सेकंद. फरक २३.२ सेकंदांचा, अक्षांशाचा एक सेकंद साधारण ३१ मीटर. सातशे मीटर तिथेच गेले. रेखांशात तीच चूक पुन्हा.

आणि मी काय केलं? "दादा, पानांमुळे सिग्नल बाऊन्स होतोय. मल्टिपाथ एरर." चांगलं पाच मिनिटं लेक्चर दिलं. पानांखाली मल्टिपाथ होतो हे खरं आहे, पण तो दहा-वीस मीटर चुकवतो, देश बदलत नाही! दादाने विश्वास ठेवला आणि आणखी लांब शोधायला म्हणून उतारावर गेला. तिथल्या चरात त्याचा पाय मुरगळला.

तो खाली बसून बूट काढत होता. एक वाजून गेला होता, शेवटची बस कधीच गेलेली. तेव्हा सांगितलं. सगळं. वीस मिनिटं माहीत होतं हेसुद्धा.

दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पेन काढ." स्वतः गणित करून दोन्ही आकडे बरोबर टाकले. परतीची वाट तशीही तिकडूनच होती. माझ्या खांद्यावर हात टाकून लंगडत चालला होता. मध्येच विचारलं, "लॅबमधला तुझा सेन्सर खराब आहे म्हणून सांगून राहिला ना तू? खरंच खराब आहे का बे?"

मी म्हटलं, "इथे खड्डा आहे, जपून."

डबा दहा मिनिटांत मिळाला. पट्टीच्या झाडापासून हाकेच्या अंतरावर, एका बुंध्याच्या पोकळीत, वर साल झाकलेली. आत वही, पेन्सिलचा तुकडा, एक प्लास्टिकचा डायनासोर. दादाने दोन रुपयांचं नाणं टाकलं आणि वहीत मराठीत लिहिलं, "मार्गे बेल्जियम". खाली दोघांच्या सह्या.

पहिल्या बसची वाट बघत स्टॉपवर बसलो. तो नऊच्या मीटिंगला माझी चप्पल घालून गेला, कारण सुजलेला पाय बुटात जाईना.

सेन्सर मी त्याच दुपारी तपासला. सेन्सर ठीक होता. स्केल फॅक्टर मीच चुकीचा टाकला होता. गाईडला सांगायला मात्र गुरुवार उजाडला.