आणि तुमची साखर किती?

मैत्रिणींनो, तुमच्या घरात औषधांचा आणि रिपोर्टांचा एक खण असेलच. आमच्याकडे तो शोकेसच्या खालचा, जरा अडकणारा. त्यात सासूबाईंचे रक्तदाबाचे कागद, मुलींची लसीची कार्डं, ह्यांच्या कंपनीतल्या वार्षिक तपासणीचे रिपोर्ट असं सगळं तारीखवार लावलेलं आहे. लावलंय अर्थात मीच! आणि गंमत बघा, त्या खणात माझ्या नावाचा शेवटचा कागद होता धाकटीच्या बाळंतपणाचा. धाकटी आता वीस वर्षांची आहे, फार्मसीला शिकते.

हा खण मी मागच्या वर्षी उपसला, त्याला कारण ह्यांची साखर. हे चाकणला एका कारखान्यात आहेत. आम्ही राहतो निगडीला. फर्स्ट शिफ्ट असली की पहाटे पावणेसहाला कंपनीची बस, सेकंडला घरी यायला रात्रीचे साडेबारा, आणि थर्ड शिफ्टच्या आठवड्यात तर दिवस कुठला नि रात्र कुठली हेच कळत नाही. आमच्या पिंपरी-चिंचवडमधल्या हजारो घरांची घड्याळं अशीच कारखान्याच्या भोंग्याला बांधलेली आहेत. तर त्या वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी ह्यांना सांगितलं, "साखर काठावर आहे. अजून मधुमेह नाही, पण सांभाळा."

झालं! मी पदर खोचला. ह्यांच्या डब्यात ज्वारीची भाकरी, मोडाची उसळ, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर. चहातली साखर अर्ध्यावर आणली. भात एक वाटी, तोही मोजून. हे कुरकुरले, पण डबा रिकामा येऊ लागला. मला मोठी लढाई जिंकल्यासारखं वाटलं.

पण भगिनींनो, त्या लढाईतला भात कुठे गेला, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. कुकर तर पूर्वीइतकाच लागत होता. ह्यांनी सोडलेला भात, धाकटीनं ताटात टाकलेली अर्धी पोळी, सासूबाईंना जड झालेला शिरा, पातेल्याच्या कडेची आमटी, हे सगळं "अन्न वाया कसं घालवायचं?" म्हणून कुणाच्या पोटात जात होतं, हे तुम्हांला सांगायला नकोच. सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर ओट्याशी उभ्याउभ्या जेवणारी मी काही एकटी नाही.

एकदा ह्यांच्याबरोबर आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. ह्यांचे कागद बघून झाल्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आणि तुमची साखर किती, ताई?"

"मला काय धाड भरलीय?" मी हसत म्हटलं. खरंच, अंगानं मी बारीक. लग्नातली पैठणी अजून नीट नेसता येते. बाई हसल्या नाहीत. "बाळंतपणात कधी साखर वाढली होती का?" असं त्यांनी विचारलं आणि मला चटकन आठवलं. धाकटीच्या वेळी सातव्या महिन्यात थोडी वाढली होती. पथ्य केलं, बाळ सुखरूप झालं, साखर उतरली. विषय संपला असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो. बाई म्हणाल्या, "विषय तेव्हा संपत नसतो. गरोदरपणी साखर वाढलेल्या बाईला पुढे मधुमेहाचा धोका बराच जास्त असतो. तिनं दर एक ते तीन वर्षांनी तपासून घ्यायला हवं." वीस वर्षांत मी एकदाही तपासलं नव्हतं.

तपासणी सोपी असते, बरं का. सकाळी उपाशीपोटी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. आकडा १४० च्या आत असला तर ठीक, २०० किंवा त्यापुढे गेला तर मधुमेह, आणि मधला तो काठावरचा. माझा आला १६८. म्हणजे नवऱ्याला काठावरून मागे ओढता ओढता मी स्वतःच तिथं जाऊन उभी होते!

त्या रात्री मी धाकटीपुढे जरा रडलेच. "पण मी कुठे जाडी आहे गं?" तिनं मला आपल्या पुण्याच्याच केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांची गोष्ट सांगितली. २००४ साली त्यांचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं. पण मोजली तेव्हा शरीरातली चरबी युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! आपली माणसं दिसायला काटकुळी असली तरी आतून चरबी बाळगून असतात. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंसुद्धा वजनानं कमी पण चरबी राखून असलेली आढळली, हेही याच डॉक्टरांनी दाखवून दिलं. तेव्हा नुसत्या वजनकाट्यावर किंवा ब्लाऊजच्या मापावर भरवसा ठेवून भागत नाही.

"मग आता काय, गोळ्या?" मी विचारलं.

"आई, आधी चीनची गोष्ट ऐक," ती म्हणाली.

चीनचं नाव ऐकताच सासूबाईंनी जपमाळ थांबवली. त्यांचं माहेर सोलापूरचं. "आमच्या सोलापूरचे डॉक्टर कोटणीस गेले होते हो तिकडं!" खरंच आहे. १९३८ साली युद्धात होरपळणाऱ्या चीनला भारतातून पाच डॉक्टर गेले, त्यांत द्वारकानाथ कोटणीस होते. जखमींची सेवा करता करता १९४२ मध्ये ते तिथेच वारले. शांतारामबापूंनी त्यांच्यावर काढलेला सिनेमा जुन्या मंडळींना आठवत असेल. "आजी, त्यांनी तिकडं दिलं, आता तिकडून थोडं घेऊ या," असं म्हणून धाकटीनं सांगायला सुरुवात केली.

चीनच्या ईशान्येला, कडाक्याच्या थंडीच्या मुलखात दाचिंग नावाचं गाव आहे. १९५९ साली तिथं खनिज तेल सापडलं आणि ओसाड माळावर कामगारांचं शहर उभं राहिलं. ऐकताना मला आमचीच आठवण झाली. इथंही १९५४ साली पिंपरीत पेनिसिलीनचा कारखाना उभा राहिला, मग एकेक कारखाना येत गेला आणि शेतं जाऊन वसाहती झाल्या. त्या दाचिंगमध्ये १९८६ साली पान श्याओरेन, ली ग्वांगवेई आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी ३३ दवाखान्यांतून १ लाख १० हजारांवर माणसं तपासली. त्यांतून माझ्यासारखी काठावरची ५७७ निवडली. कुणालाही मधुमेहाचं औषध द्यायचं नाही असं ठरलं. काही दवाखान्यांतल्या लोकांना फक्त खाण्यात बदल सांगितला, काहींना फक्त व्यायाम, काहींना दोन्ही आणि काहींना काहीच विशेष नाही. हे चाललं सहा वर्षं.

सहा वर्षांनी पाहिलं तर ज्यांना काही सांगितलं नव्हतं, त्यांच्यातल्या शंभरांपैकी सुमारे ६८ जणांना मधुमेह झाला होता. बाकीच्या तिन्ही गटांत हे प्रमाण शंभरात ४१ ते ४६ होतं.

आता तुम्ही म्हणाल, व्यायाम कसला, आम्ही दिवसभर राबतोच की! मीही तेच म्हटलं. तर दाचिंगच्या डॉक्टरांनी रोजच्या व्यायामाचं एक माप ठरवलं होतं. अर्धा तास सावकाश चालणं, बाजारहाट किंवा घरसफाई म्हणजे एक माप. जरा झपाझप चालणं किंवा सायकल असेल तर वीस मिनिटांत तेच माप भरतं. जिने चढणं किंवा हळू पळणं असेल तर दहा मिनिटांत, आणि दोरीवरच्या उड्या असतील तर पाचच मिनिटांत! म्हणजे केरवारा त्यांनीही मोजला होता. मात्र मेख इथेच आहे. हे माप आधी जे करत होता त्याच्या *वर* घालायचं होतं. पन्नाशीच्या आतल्यांनी शक्य तर दोन मापं. आपला रोजचा केर-लादी आपल्या आकड्यात आधीच जमा झालेला असतो.

या गोष्टीतलं मला सगळ्यांत भावलं ते पुढेच आहे. सहा वर्षांनी शिकवणी बंद झाली, पण डॉक्टरांनी त्या माणसांचा माग सोडला नाही. तीस वर्षं ठेवला. २०१९ मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. धाकटीनं मला तो लपवून न ठेवता सांगितला. इतक्या वर्षांत दोन्हीकडच्या बहुतेकांना मधुमेह शेवटी झालाच. पण ज्यांनी सहा वर्षं पथ्यपाणी केलं, त्यांना तो सरासरी जवळजवळ चार वर्षं उशिरा झाला. हृदयविकार आणि पक्षाघातासारखी दुखणी त्यांच्यात २६ टक्क्यांनी कमी झाली. आयुष्य सरासरी सुमारे दीड वर्षानं वाढलं.

"एवढी उठाठेव करून दीडच वर्ष?" हे म्हणाले. सासूबाई मात्र गप्प झाल्या. मामंजी गेले ते मोठीच्या लग्नाआधी आठ महिने. दीड वर्ष म्हणजे काय, ते आमच्या घरात त्यांना विचारावं.

आणि मैत्रिणींनो, ज्यासाठी हा लेख लिहायला बसले ते आता सांगते. तेविसाव्या वर्षी त्या मंडळींचा हिशेब मांडला तेव्हा मृत्यू टळण्याचा फायदा बायकांमध्ये ठळक दिसला, पुरुषांमध्ये फारसा नाही. तिथले पुरुष धूम्रपान पुष्कळ करत, हे त्याचं एक कारण असू शकेल. कारण काहीही असो, ज्या पथ्यातून बाईला इतकं मिळतं, ते पथ्य आपण नवऱ्याच्या डब्यात भरतो आणि आपल्या ताटात उरलेला भात घेतो!

त्या दिवसापासून मी काय केलं ते थोडक्यात सांगते. पहिलं, तांदूळ मोजायची वाटी बदलली. उरतं म्हणून खावं लागतं, तर उरूच नये. दुसरं, जे उरेल ते आधी डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवायचं आणि मग पान वाढून घ्यायचं. ताटातलं कुणी टाकलं तर ते माझं नाही. पहिले आठ दिवस सासूबाईंनी नाक मुरडलं, नवव्या दिवशी त्यांनीच माझं पान सगळ्यांबरोबर मांडलं. तिसरं, भाजी, उसळ, कोशिंबीर भरपूर आणि भात-पोळी बेताची, हे माझ्याही पानात. चौथं म्हणजे उपास. चतुर्थीचा उपास मी सोडला नाही, पण साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा कीस नि रताळ्याच्या गोड चकत्या हा उपास कसला, मेजवानीच ती! आता ताक, काकडी, मूठभर दाणे आणि एखादं फळ. ज्यांना आधीच मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी मात्र उपासाचं आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

पाचवं काम एकटीनं होण्यासारखं नव्हतं. दाचिंगमध्ये एकाच दवाखान्यात येणारी सगळी एकाच गटात असत. सल्लाही लहान लहान गटांतून मिळे, पहिला महिना दर आठवड्याला, मग तीन महिने महिन्यातून एकदा, पुढे तीन महिन्यांनी. हे मला पटलं. मी आमच्या बिल्डिंगमधल्या चौघींना गोळा केलं. बस गेली की सहाला आम्ही पाचजणी दुर्गा टेकडीवर. एकीचं दार वाजलं की दुसरीला उठावंच लागतं. पावसात जिन्यावर चढउतार, दहा मिनिटं. आणि चौघींपैकी दोघींनी आयुष्यात पहिल्यांदा साखर तपासली. एकीची ठीक निघाली, दुसरीची काठावर.

वर्षानंतर माझा आकडा आला १४६. अजून काठावरच आहे, पण पाऊल मागे पडलंय. ह्यांचा मात्र जिथल्या तिथेच. थर्ड शिफ्टच्या रात्री कँटीनमध्ये वडापाव होतो, असं परवा स्वतःच्याच तोंडानं कबूल केलं. आता सुट्टीच्या दिवशी त्यांनाही टेकडीवर नेते. मागून धापा टाकत येतात आणि म्हणतात, "अगं, जरा हळू!"

खणात आता माझ्या नावाची वेगळी फाइल आहे. साधीच, पिवळ्या पुठ्ठ्याची. सध्या तिच्यात दोनच कागद आहेत. आज दुपारी भांडी आवरून झाली की तुम्हीही तुमचा खण उघडा. सगळ्यांचे कागद असतील. तुमच्या नावाचा शेवटचा कागद कोणत्या सालचा आहे, तेवढं बघा.