पडद्याखालचं पाणी

दहावीच्या वर्गात वर्तुळाची स्पर्शिका शिकवत होतो. पट्टी लावून काढलेली रेघ मधोमध वाकलेली दिसली. पुसून पुन्हा काढली, तरी तशीच. डावा डोळा झाकला तर रेघ सरळ. उजवा झाकला की वाकडी, आणि मध्ये करडा डाग. डाव्या डोळ्याने अक्षरंही लहान दिसत होती.

शिक्षकखोलीत एका सहकाऱ्याने मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेले आपले ड्रॉप्स देऊ केले. ते घेतले नाहीत, हे माझं नशीब.

साताऱ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी ओसीटी तपासणी केली. पडद्याचा आडवा छेद संगणकावर आला. थरांखाली काळा फुगवटा होता. रक्तवाहिन्यांच्या थरातून झिरपून साठलेलं ते पाणी. आजार सेंट्रल सिरस कोरिओरेटिनोपॅथी. जर्मन नेत्रतज्ज्ञ फॉन ग्रेफे यांनी १८६६ मध्येच त्याचं वर्णन केलं होतं.

स्टिरॉइडमुळे तो होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी विचारलं, "स्टिरॉइड घेता का?" मी ठामपणे नाही म्हणालो.

"अंगाला काही लावता? नाकात स्प्रे?"

मांडीवरच्या नायट्याला मी आठ महिने एक मलम चोळत होतो. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेलं. खाज थांबायची, नायटा पसरायचा. दुसऱ्या दिवशी ट्यूब नेऊन दाखवली. त्यात क्लोबेटासोल होतं, म्हणजे जोरदार स्टिरॉइड. मला फार राग आला. चिठ्ठी न मागणाऱ्याचा आणि न वाचता लावणाऱ्या माझाही.

डॉक्टरांनी नेपाफेनॅकचे ड्रॉप्स दिले, दिवसातून तीनदा. सूज उतरवणारे, पण स्टिरॉइड नसलेले. "सर, पाणी यानेच उतरेल असं मी म्हणत नाही. पुष्कळांचं तीन-चार महिन्यांत आपोआप जिरतं. मलम मात्र बंद, आणि नायटा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा."

खालची पापणी ओढून एकच थेंब टाकायचा, डोळा मिटून नाकालगतचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा. रोज संध्याकाळी कपाटावर चिकटवलेला चौकटींचा कागद एकेका डोळ्याने बघायचा, रेघा वाकड्या दिसतात का ते कळायला. सहा आठवड्यांनी फुगवटा निम्मा झाला, चौदाव्या आठवड्यात पडदा सपाट. थेंबांनी किती केलं ते सांगता येत नाही. मलम सोडणंच मोठं औषध ठरलं, असं माझं मत आहे.

डोळे दाखवायला जाताना घरातली मलमं, स्प्रे, गोळ्या सगळ्या पिशवीत घालून न्या. आणि दुसऱ्याचे उरलेले ड्रॉप्स डोळ्यांत टाकू नका. मोतीबिंदूनंतरच्या ड्रॉप्समध्ये बहुतेक वेळा स्टिरॉइडच असतं.