पॅनेलमधली तार

अंजनगाव सुर्जीची जुनी ओळख पानमळ्यांची आणि पिंपळीची. तरी पौष-माघात बाजार समितीच्या आवारात तुरीच्या गाड्या लागल्या, की व्यापारी घरांतील बोलणे बदलते. भाव, ओलावा आणि अवकाळी ढग, एवढेच विषय उरतात. पूर्वी तेल चोळलेली तूर गच्चीवर कित्येक दिवस उन्हात पसरलेली असे. आभाळ भरून आले की सारे घर ताडपत्र्या घेऊन धावे. आता डाळमिलमध्ये तेच काम ड्रायर करतो. भट्टीत टरफल जळते, पंखा गरम हवा ढकलतो, सूर्याची वाट पाहावी लागत नाही. सोय मोठीच, मात्र उन्हाने कधी गच्ची पेटविली नव्हती.

ड्रायरच्या पोटात तुरीबरोबर भुसा आणि बारीक धूळही फिरते. तुरीला लावलेले तेल जवसाचे असेल, तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. हे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावताना स्वतःच उष्णता सोडते. तेलकट भुसा हवेच्या मार्गात एखाद्या कोपऱ्यात दबून राहिला, तर ठिणगीवाचूनही तो आतून तापत जातो. म्हणूनच यंत्राला पहारेकरी दिलेले असतात. ठरलेल्या मर्यादेपुढे तापमान गेले, की एक स्विच उष्णता तोडतो. पंखा थांबला, तर दुसरा भट्टीचे इंधन बंद करतो.

ऐन हंगामात हेच पहारेकरी डोळ्यांत खुपू लागतात. ड्रायर रात्रीतून तीनदा बंद पडतो, बाहेर ट्रक उभा असतो, आणि वायरमन दोन टोकांना तारेचा तुकडा जोडून स्विच ‘डायरेक्ट’ करतो. यंत्र निमूटपणे चालू लागते. ते का थांबत होते, जाळी भुशाने तुंबली होती की पंख्याचा पट्टा सैल झाला होता, हे मग कोणी पाहत नाही. तार सकाळी काढायची असते. ती सकाळ दिवाळीपर्यंत येत नाही.

2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 37 मध्ये स्फोटक धुळीचा विचार होता, तर कलम 111 कामगाराला सुरक्षेच्या साधनांशी जाणूनबुजून छेडछाड करण्यास मनाई करीत होते. परंतु वायरमनने तार स्वतःच्या हौसेने जोडलेली नसते. मुनीमजी म्हणाले, “कसेही करून चालू करा,” आणि शेठजींनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. कृत, कारित आणि अनुमोदित हा भेद श्रावकाच्या घरात लहान मुलालाही ठाऊक असतो. पॅनेलपुढे उभे राहिल्यावरच तो कसा विसरला जातो, हे नवल आहे.

धुळीचा धोका परमुलखातही आहे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, पोर्ट वेंटवर्थ येथील साखर कारखान्यात 7 फेब्रुवारी 2008 रोजी साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन 14 जण दगावले. साखरेत कचरा पडू नये म्हणून सायलोंखालचा वाहक पट्टा आदल्या वर्षी बंदिस्त केला होता. हेतू चांगलाच होता. धूळ मात्र त्या आवरणात कोंडली गेली.

ड्रायरमधून जळका वास आला, की माणसाचा हात पहिल्यांदा दाराकडे जातो, आणि तीच चूक होते. दार उघडले की आगीला हवा मिळते. आधी भट्टीचे इंधन आणि पंखा बंद करावा, हवेची झडप लावावी, माणसे बाहेर काढून अग्निशमन दलाला बोलवावे. पाण्याचा जोरदार फवारा साचलेल्या भुशावर मारला, तर धूळ उडून भडका होऊ शकतो.

हे सारे पुढचे. नवी तूर येण्याआधी एका सकाळी शेठजींनी वीजपुरवठा बंद करवून वायरमनकडून पॅनेल आपल्या देखत उघडून घ्यावे. आत नकाशाबाहेरचा तारेचा एखादा तुकडा दिसला, तर तो कोणी जोडला हे विचारण्याआधी, त्या रात्री ट्रक कोणाचा उभा होता, हे आठवावे.